अंगी लागलं ते

वरंध
१२ जून २०२४

चि. यशराज यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता महादूच्या आईकडून काढला. सहजासहजी दिला नाही रे बाईने. मस्कतला जायच्या आधी महादू दहेजला तुझ्याच खोलीत राहत होता, एवढं तिच्या तोंडून निसटलं आणि मग मी तिच्या ओटीवर ठाण मांडून बसले. शेवटी वैतागून तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं, त्याच्या मागे लिहिलेला होता. तू फोनचा नंबर बदललास, बदल. गुजरातेत जाऊन बसलास, बस. पत्र टाकायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

तीन वर्षांत एकदा विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. तुझी किडनी ठणठणीत आहे. मे महिन्याच्या रिपोर्टात क्रिएटिनिन एक पॉइंट दोन आलं. ते वाढलं की किडनी थकली, एवढं आता मला पाठ झालंय. पुण्याचे डॉक्टर ओंकारला म्हणाले, "भावाने माल अस्सल दिलाय तुला." ओंकार हसला, आणि मग घाट उतरून घर येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसला. तुझा विषय निघाला की तो असाच होतो.

त्याचं लग्न झालं. तुझ्या जुन्या पत्त्यावर पत्रिका पाठवली होती, ती परत आली. पोरगी पोलादपूरकडची, अंकिता. बी.कॉम. झालीय, डोकं कायम मोबाइलमध्ये, पण हाताला उरक आहे आणि ओंकारवर जीव आहे. तो बिरवाडीला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये बसतो. जड उचलायचं नाही, धुरात जायचं नाही, असं मी स्वतः जाऊन साहेबाला सांगून आले. ओंकार लाजेने मेला. मरू दे. तुझी किडनी काय धूर खायला दिलीस का तू?

गावात अजून कुणी कुणी कुजबुजतं, पूनमने धाकट्यासाठी थोरल्याला कापला म्हणून. बिरवाडीच्या पाहुण्यांनी तुझी सोयरीक मोडली तेही माझ्याच माथी मारतात. मी काय तुझ्या गळ्यावर सुरी ठेवली होती? फक्त विचारलं होतं. जेवत नव्हते म्हणशील, तर तेव्हा माझी भूकच गेली होती.

असो. एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात ओंकारला खोकला झाला तो हटेचना. अंगाने दुसऱ्याची किडनी हाकलून देऊ नये म्हणून त्याला जी औषधं आहेत ना, त्यांनी सगळी ताकदच दाबून ठेवलेली असते. मग मीच मनावर घेतलं. महाडहून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणल्या, संत्र्याच्या चवीच्या, चघळायच्या. अंकिता म्हणाली, "ताई, आधी पुण्याला विचारूया का?" मी म्हटलं, अगं बाई, लिंबू पिळायलापण आता डॉक्टर लागतो का? वीस वर्षं अंगणवाडी चालवतेय मी. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्यासोबत घेतली तरच अंगी लागते, हे अख्ख्या वरंधच्या बायकांना शिकवलंय. मला व्हिटॅमिन शिकवतात!

खोकला गेला बघ.

तू पाणी भरपूर पीत जा. तुझ्याकडे एकच आहे.

तुझी अक्का


वरंध
२१ जुलै २०२४

चि. यशराजास आशीर्वाद.

पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं असणार. उत्तर आलं नाही म्हणजे तू अजून फुगलेलाच आहेस. फूग.

लावणी उरकली. ओंकारला चिखलात पाय घालू देत नाही मी, काही चावलं, चिघळलं तर? बांधावर खुर्ची टाकून, छत्री धरून बसवला होता. बायका चिडवत होत्या, "आले गो आले, खोत आले!" तोही तिथून मुकादमासारखा ओरडत होता. हसलो आम्ही सगळे.

तर ऐक. मधे माझा गुडघा दाखवायला बिरवाडीच्या डॉक्टरांकडे गेले होते. सहज विचारलं, व्हिटॅमिन सी किती घ्यावं? ते म्हणाले, "थोडं थोडं घेतलं तर बहुतेक सगळं अंगी लागतं. एकदम मोठी गोळी घेतली की आतडी तेवढं आत घेत नाहीत, निम्मंही लागत नाही. जे लागतं त्यातलंही जास्तीचं लघवीवाटे जातं. कुणासाठी विचारताय?" मी म्हटलं, अंगणवाडीसाठी. उगाच पेशंटचा पाढा वाचत कोण बसणार?

घरी येईपर्यंत मला चैन नाही. म्हणजे एवढे दिवस मी पोराला देत होते ते निम्मं संडासात गेलं म्हणायचं! दुसऱ्या दिवशी शेतात खत घालत होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुला आठवतं, आप्पा आधी युरिया फोकायचे. आपल्याकडचा पाऊस तो, पहिल्या सरीला अर्धा युरिया ओढ्यात. मग कृषी खात्याचा माणूस आला आणि गोळीचं खत आलं. भाताच्या चार चुडांच्या मधोमध चिखलात बोट खुपसायचं, गोळी दाबायची. वाहून जात नाही, बसल्या जागी विरते, पीक सावकाश खातं. तू आणि मी एकेक ओळ धरायचो आणि तू बोटं भरतात म्हणून रडायचास.

माणसाचं अंग काय वेगळं असतं का रे? एकदम फोकायचं नाही. म्हणून आता सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, झोपताना एक, असं लावून दिलंय. ओंकार म्हणतो, "अक्का, मी माणूस हाय का भाताचा चूड?"

मधे त्याचं पोट बिघडलं होतं. गोळ्या बदलून पाण्यात फसफसणाऱ्या आणल्या, तरी तेच. अंकिता मोबाइल पुढे धरून म्हणते, "बघा, जास्त झालं की असं होतं. अंगच सांगतंय नको म्हणून." मी म्हटलं, अंग सांगतंय की ही जात बरोबर नाही. पोटावाटे निघून गेलं तर अंगी काय लागणार? चांगल्यातलं काहीतरी शोधायला हवं.

तिकडे पाऊस आहे का?

तुझी अक्का


वरंध
९ ऑगस्ट २०२४

यशा,

आज नागपंचमी. आज पोस्टात तुझ्या नावाचं पार्सल टाकून आले. हे पत्र वेगळं टाकते, म्हणजे एक हुकलं तर दुसरं मिळेल.

मावशीचा अक्षय आला होता पनवेलहून. व्यायामशाळेत जाऊन जाऊन दंड असे केलेत की शर्ट शिवून घ्यावे लागतात म्हणे. त्याला मी ओंकारच्या पोटाचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही जुन्या जमान्यातलं देताय. आता लायपोसोमल निघालंय." नीट उच्चारायला मला दोन दिवस लागले. त्यात म्हणे व्हिटॅमिन तेलकट पदार्थाच्या बारीक बारीक पिशव्यांत गुंडाळलेलं असतं, डोळ्याला न दिसणाऱ्या. त्यामुळे पोट बिघडत नाही आणि साध्या गोळीपेक्षा जास्त रक्तात जातं.

मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला. अरे, म्हणजे आपलं गोळीचं खतच की!

त्याने त्या पावडरीच्या पुडक्यांची खोकीच्या खोकी पाठवली. ओंकारला सुरू केलीत आणि पोटाची एक तक्रार नाही. एवढं दिवसातून चार वेळा देते तरी नाही. म्हणजे बघ, सगळंच्या सगळं अंगी लागतंय, कणभर वाया जात नाही. मला इतका आनंद झालाय की काय सांगू. अंकिता तोंड वाकडं करते, करू दे. ती आली वर्षापूर्वी. तुम्हा दोघांना मी आई गेल्यापासून सांभाळलंय.

रात्रंदिवस मनात येत होतं, हा एक सुधारला, दुसऱ्याचं काय? तू तिथे कारखान्याच्या धगीत राबतोस, खानावळीतलं खातोस, आणि तुझ्याकडे एकच किडनी उरलीय. म्हणून तुझ्यासाठीही पाठवलीत. आईने तुमच्या बारशांना महाडच्या बाजारात एकेक स्टीलचा डबा घेऊन त्यावर नावं कोरून घेतली होती ना, त्यातला तुझा डबा काढला. "चि. यशराज यास आईकडून." त्यात पुडकी ठासून भरलीत, वर राखी ठेवलीय. झाकणाच्या आत कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलंय, दिवसातून तीनदा, पाण्यातून, चुकवायचं नाही. तू पत्र वाचलं नाहीस तरी झाकण वाचशील.

राखी बांध. स्वतःच्या हाताने बांधता येत नसेल तर खोलीवरच्या कुणालातरी सांग. माझ्यावरचा राग दोऱ्यावर काढू नको.

अक्का


वरंध
२४ सप्टेंबर २०२४

चि. यशराजास आशीर्वाद.

गणपती झाले. तुझी वाट बघितली नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

ओंकारचं जरा बरं नाही. काळजी करण्यासारखं काही नाही, म्हणून आधी लिहिलं नाही. गणपतीत दगदग झाली, पाय सुजले. भूक नाही म्हणतो. आरतीला उभा राहिला तर भिंत धरून. मी म्हटलं जागरणं कमी कर. ऑगस्टची तपासणी चुकली, ती काय माझ्यामुळे नाही. घाट बंद होता, पुण्याला जायचं तर ताम्हिणीने वळसा घालून. त्याला त्या गचक्यांतून कुठे न्यायचा? अंकिता नेऊया म्हणत होती. मी म्हटलं, पाऊस उणावू दे.

गेल्या आठवड्यात शेवटी गेलो. क्रिएटिनिन दोन पॉइंट आठ.

डॉक्टरांचा चेहराच बदलला. विचारलं, औषधं वेळेवर घेतो का? घेतो. ताप आला होता का? नाही. "दुसरं काही औषध सुरू आहे का? आयुर्वेदिक, पेनकिलर, काहीही?" अंकिताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाय.

आता खोटं बोलले असं म्हणू नकोस. त्यांनी औषध विचारलं. व्हिटॅमिन काय औषध आहे का? आणि सांगितलं असतं तर काय, बंद करा म्हणाले असते. त्यांना नुसतं बंद करायचंच माहीत असतं. त्याच्या अंगात ताकद राहिलीय ती कशाने राहिलीय हे त्यांना काय माहीत? बाहेर आल्यावर अंकिता म्हणाली, "का नाय सांगितलं?" मी म्हटलं, तुला काय वाटतं, मी त्याचं वाईट करीन? तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिचा राग आला, खरं सांगते.

अंग किडनी नाकारत असेल म्हणून इंजेक्शनं देतायत. तीन दिवस दाखल होता, परवा घरी आलो. मी पुडकी वाढवलीत. सहा वेळा देते. आता गरज आहे तर आताच द्यायला नको का? ओंकार तोंड फिरवतो, म्हणतो मळमळतं. मी चमच्याने पाजते. लहानपणी गोवर आला होता तेव्हा असंच पाजलं होतं मी त्याला, तू दारात उभा राहून बघत होतास.

तू घेतोस ना?

अक्का


पुणे
१९ ऑक्टोबर २०२४

यशा,

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून लिहितेय. हे पत्र आधी वाच, बाकीची नंतर वाच.

डब्यातली पावडर पिऊ नकोस. एकही पुडी नको. फेकून दे. तू मुळात डबा उघडलाच नसशील, माझ्यावरच्या रागाने कोपऱ्यात टाकला असशील, तर तुझ्या रागाचं भलं होवो.

इंजेक्शनांनी काही झालं नाही. क्रिएटिनिन पाचावर गेलं, मग सातावर. परवा किडनीत सुई घालून तुकडा काढला. आज डॉक्टरांनी आत बोलावलं. म्हणाले, अंगाने किडनी नाकारलेली नाही. किडनीच्या बारीक नळ्या खड्यांनी भरून गेल्यात, काचेच्या भुग्यासारख्या खड्यांनी. ऑक्झलेट म्हणतात त्याला. "हे आलं कुठून?" असं ते स्वतःशीच बोलत होते. तेवढ्यात अंकिताने पिशवीतून पुडक्यांचं खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. घरून निघायच्या आदल्या रात्री माझ्या नकळत पिशवीत घातलं असणार तिने. माझ्याकडे तिने बघितलंच नाही.

डॉक्टरांनी खोकं फिरवून फिरवून वाचलं. किती? दिवसातून किती वेळा? कधीपासून? अंकिता सगळं सांगत गेली. मग ते माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत रे. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "बाई, माणसाला रोज लागतं अगदी थोडं. ते गोळीतून घ्या, पावडरीतून घ्या, नाहीतर एक पेरू खा, तेवढ्यापुरतं सगळं सारखंच अंगी लागतं. वरचं साठवायला शरीरात जागा नसते. साधी गोळी जास्त झाली की आतडी ती आत घेत नाहीत, पोट बिघडतं, सुटका होते. तुम्ही मुद्दाम अशी जात शोधलीत की आत जाईल आणि पोट बिघडणार नाही. ती गेली आत. मग बाहेर काढायचं कुणी? किडनीने. आणि त्यातल्या काहीचं शरीरात हे असं ऑक्झलेट होतं. चांगल्या दोन किडन्या असलेला माणूस बहुतेक वेळा निभावून नेतो. याच्याकडे दुसऱ्याची एक होती."

मी विचारलं, आता बंद केलं तर? ते म्हणाले, "सप्टेंबरात विचारलं होतं मी तुम्हाला."

ओढ्यात जातं म्हणून मी हळहळत होते बघ. ओंकारला तो एकच ओढा होता, तुझा, आणि तो मी बुजवला.

आजपासून डायलिसिस. किडनी परत येईल का, तर थोडी आशा धरा म्हणतात, पण तोंडावरून कळतं. ओंकारला मी सांगायला गेले तर तो म्हणाला, "अक्का, माहितीय मला. अंकिताने सांगितलं." मग म्हणाला, "मीच पीत होतो ना? मी काय कुकुलं बाळ हाय?" यशा, मला त्याने एक थोबाडीत मारली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

निघताना डॉक्टरांना विचारलं, किडनी देणाऱ्या भावाने घेतली तर? ते खुर्चीतून उठलेच. "त्यालाही दिलीत?" त्यांनी सांगितलंय, लगेच बंद करायचं आणि रक्त तपासून क्रिएटिनिन बघायचं. तिथल्या डॉक्टरांना दाखव. मी पाया पडते.

अक्का


भरूच, एस.टी. स्टँड
६ नोव्हेंबर २०२४

यशा,

यंदा भाऊबीजेला मी पाट मांडला तेव्हा ओंकार आणि अंकिता महाडहून डायलिसिस करून नुकते आले होते. मी ओवाळलं. त्याच्या हातावर डायलिसिसच्या सुयांसाठी मागे फुगवलेली शीर आहे, तिच्यावर बोट लागू नये म्हणून मी लांबूनच ओवाळलं. तुझी किडनी गेली, यशा. डॉक्टरांनी आता आशेचं नावही काढलं नाही. तू दिलेली वस्तू मी खराब केली. दुसरा शब्द मला सापडत नाही.

काल पोस्टमन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर. मी देवापुढे ठेवून मग पाकीट फोडलं, इतकी वेडी.

"अक्का, डबा मिळाला. वर आईचं नाव बघून उघडला. तुझी पत्रं आली ती उघडली नाहीत, उघडणार नाही. पावडर झाकणावर लिहिलंय तशी तीनदा घेतो. एक दिवस चुकवली नाही. मधे पाठ दुखत होती पण घेत राहिलो. संपत आली, आणखी पाठव. राखी बांधली होती. पत्र नको."

मी ओट्यावरच बसले. एकोणीस ऑक्टोबरचं पत्र तुझ्याकडे बंदच्या बंद पडलंय. आणि झाकण मात्र तू रोज तीनदा वाचतोयस. सगळ्या जगाशी भांडलास, माझ्याशी बोलायचा बंद झालास, आणि मी लिहिलेलं ऐकलंस. का रे ऐकलंस गाढवा? जन्मभर माझं ऐकून तुझं काय भलं झालं?

पाकिटावर फोन नंबर नाही. अंकिताने कारखान्याच्या ऑफिसात तीन वेळा फोन लावला, ते म्हणतात कंत्राटी माणसांचं आमच्याकडे काही नसतं. तिने महादूला मस्कतला मेसेज केला, त्याच्याकडचा तुझा नंबर जुनाच निघाला. पोस्टाने पत्र टाकून काय उपयोग, तू ते उघडणार नाहीस. मग मीच निघाले.

निघताना ओंकार फळीवरून त्याचा डबा काढून घेऊन आला. तुझ्यासारखाच, नुसतं नाव वेगळं. म्हणाला, "तुला बघून तो दार लावील. ह्यावर माझं नाव हाय, हा आत घेईल." मग म्हणाला, "दादाला सांग, मला सांभाळता नाय आली." मी म्हटलं, हे मी सांगणार नाही, हे खोटं आहे. तरी तो म्हणाला सांग, म्हणून लिहिलं. तू मात्र त्याचं हे एक खरं मानू नकोस. त्याने पथ्य पाळलं, पाणी मोजून प्यायला, तुझं नाव घेतल्याशिवाय एक औषध घेतलं नाही. चमचा माझ्या हातात होता.

अंकिता अजून माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाकघरात मला हात लावू देत नाही, आणि बरोबर आहे तिचं. पण पहाटे एस.टी.त बसले तेव्हा खिडकीतून तिने पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "भाऊजींना तपासल्याशिवाय परत येऊ नका."

आता दहेजची गाडी लागेल. हा कागद मी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवते, तसाच, गेल्या वेळेसारखा. संध्याकाळी तुझ्या खोलीच्या उंबऱ्याशी डबा ठेवीन आणि बाजूला सरेन. मी बोलायला लागले की तू कानावर हात ठेवतोस, म्हणून बोलणार नाही. तू डबा उचलशील. हलका लागेल. झाकण काढशील तर आत काहीच नाही, पावडर नाही, राखी नाही, एवढाच कागद.

चिडशील. चीड.

पण तुझ्या डब्यात उरली असेल ती पुडी उचलू नकोस. पाठ दुखते म्हणालास, ते कशाने ते मला ठाऊक नाही आणि मी आता माझ्या डोक्याने काही ठरवणार नाही. दवाखान्यात जाऊ, रक्त देऊ, जे येईल ते येईल. डॉक्टर विचारतील, दुसरं काही घेता का? तेव्हा माझ्यासारखं नाय म्हणू नकोस. डबा पुढे ठेव, आणि बहिणीने दिलं म्हणून सांग.

मी दाराच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून उभी आहे. तोंड दाखवायला नको, मला आत घ्यायला नको, माफी तर मी मागतच नाही. फक्त आतून ओरडून एवढं सांग, आजची घेतलीस का?